उत्तरेकडचे पाणभुंगेरे : थंडी अडवते की मासे?

उमेओकर

"तिकडे सहा महिने बर्फ, कसले आलेत किडे?" पुण्याला आलो की हे हमखास ऐकावं लागतं. दर वेळी तोंडी समजावून कंटाळलो, म्हणून हा धागा.

मी राहतो ते उमेओ स्वीडनच्या उत्तर किनाऱ्यावर, ६४ अंश अक्षांशाला टेकलेलं. तळी नोव्हेंबरात गोठतात ती मे महिन्यापर्यंत. तरी जूनमध्ये घरामागच्या दलदलीतल्या काळ्या पाण्याच्या डबक्यात स्वयंपाकघरातली चाळणी फिरवली की पाणभुंगेरे हाताशी येतातच. काही तिळाएवढे, काही बोटाच्या पेराएवढे. हे सगळे डायटिस्किडी कुळातले. म्हणजे पाण्यावर गोल गोल गिरक्या घेतात ते नव्हेत, तर बुडी मारून शिकार करणारे. जगभरात या कुळाच्या चार हजारांवर जाती आहेत. स्कँडिनेव्हिया, फिनलंड आणि डेन्मार्क मिळून दीडशेच्या आसपास. ब्रिटनची हवा कितीतरी सौम्य, पण तिथे याहून कमी. (ते बेट आहे आणि आकारानेही लहान, हे मान्य.)

मुद्दा असा की 'उत्तरेला गेलं की थंडीमुळे जाती कमी' हे गणित या किड्यांना सरळ लागू पडत नाही. एकूण संख्या घटते, पण कोणती जात कुठे मिळेल हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे मासे.

पाणभुंगेऱ्याची अळी दिसायला भयंकर असते. पोकळ सुळ्यांसारखे जबडे भक्ष्यात रुतवायचे, पाचकरस आत सोडायचा आणि विरघळलेलं मांस शोषून घ्यायचं. बेडकाची पिल्लं, डासांच्या अळ्या, प्रसंगी स्वतःची भावंडंही. पण हीच अळी श्वासासाठी सारखी वर येते, काही जातींची तर उघड्या पाण्यात तरंगत असते. पर्च माशाच्या दृष्टीने हे ताट वाढून ठेवलेलंच. त्यामुळे ज्या तळ्यात मासे आहेत तिथे उघड्यावर राहणाऱ्या जाती टिकत नाहीत. टिकतात त्या काठच्या दाट गवतात.

आणि उत्तरेत बिनमाशांची पाणी भरपूर आहेत. दलदलीतली उथळ डबकी तळापर्यंत गोठतात, किंवा बर्फाखाली त्यांतला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. डोंगरावरच्या कित्येक तळ्यांपर्यंत मासे पोचलेलेच नाहीत. ज्या थंडीला आपण दोष देतो तीच इथे भुंगेऱ्यांची राखण करते.

याचा पुरावा माणसानेच नकळत करून ठेवलाय. १९६० आणि ७० च्या दशकांत आम्लवर्षेने दक्षिण नॉर्वे आणि स्वीडनमधली हजारो तळी बिघडली, मासे गेले. त्या पाण्यात पाणभुंगेरे आणि पाणढेकूण वाढले. सोनडोळ्या नावाचं एक बदक आहे, त्याची पिल्लं पाणकिड्यांवर जगतात, म्हणजे माशांशी त्यांची थेट स्पर्धा. बिनमाशांच्या तळ्यांवर ती बदकं जास्त दिसायला लागली. पुढे ७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडन सरकारने तळ्यांत चुनखडी टाकायला सुरुवात केली. पाणी सुधारलं, मासे परतले आणि भुंगेऱ्यांची सद्दी संपली.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

शेवाळ

मस्त विषय. पहिला बाळबोध प्रश्न : सहा महिने वर बर्फाचं झाकण असेल तर हे श्वास कसा घेतात? हवा घ्यायला वर यावं लागतं असं तुम्हीच लिहिलंय.

उमेओकर

@शेवाळ, अजिबात बाळबोध नाही. या विषयावर शंभरेक वर्षं काम चाललंय.

आधी उन्हाळ्यातलं सांगतो. भुंगेरा पाठीमागून वर येतो, शेपटीचं टोक पाण्याबाहेर काढतो आणि पंखांच्या कडक झाकणाखाली हवा भरून घेतो. श्वसनाची छिद्रं तिथेच, पोटाच्या वरच्या बाजूला. बुडी मारताना मागच्या टोकाला हवेचा चंदेरी बुडबुडा लोंबताना दिसतो. बरणीत ठेवून समोरून पाहिलं तर अगदी स्पष्ट.

हा बुडबुडा नुसता साठा नसतो. आतला प्राणवायू वापरला गेला की त्याचा दाब कमी होतो आणि भोवतालच्या पाण्यातला प्राणवायू आत झिरपतो. म्हणजे काही प्रमाणात तो कल्ल्याचं काम करतो. दरम्यान नायट्रोजन हळूहळू बाहेर जातो, बुडबुडा आकसतो आणि पुन्हा वर यावं लागतं. डेन्मार्कच्या एगे यांनी १९१५ मध्ये हे मोजून दाखवलं. मोठ्या भुंगेऱ्याला कोमट पाण्यात हे कल्लं पुरत नाही, कारण त्याची गरजच जास्त. पाणी ३-४ अंशांवर आलं की चित्र बदलतं. शरीराचा वेग मंदावतो, गरज एकदम खाली येते, शिवाय थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. मग तेवढ्यावर भागतं. बर्फाच्या खालच्या बाजूला अडकलेले बुडबुडेही कामी येतात.

काही लहान जातींच्या अंगावर बारीक, नळीदार केस असतात. त्यांतून प्राणवायू थेट आत जातो, वर येण्याची भानगडच नाही. आणि बऱ्याच जाती बर्फाच्या वाटेलाच जात नाहीत. शरदात पाण्याबाहेर पडून शेवाळात, पालापाचोळ्यात दडून राहतात. काही फक्त अंड्याच्या रूपात हिवाळा काढतात, काही अळीच्या.

पाणलोट

आमच्या गावी (जि. सातारा) पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली मोठे काळे-हिरवट, चपटे, कडेला पिवळी पट्टी असलेले भुंगे येऊन पडतात. जमिनीवर धड चालताही येत नाही त्यांना, नुसते घसटत राहतात. आजी त्यांना केरसुणीने विहिरीकडे लोटायची. तेच का हे?

उमेओकर

@पाणलोट, वर्णनावरून सिबिस्टर. कूळ तेच, वंश वेगळा. मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे, केसांची झालर असलेले, म्हणून जमिनीवर अशी फजिती. सिबिस्टर मुख्यतः उष्ण प्रदेशांतले. युरोपातला एक प्रकार स्वीडनच्या दक्षिण टोकापर्यंत पोचतो, माझ्याकडे नाही. माझ्याकडे त्याच आकाराची जागा डायटिस्कस वंशाने घेतलीय. उलट, आगाबस वंश उत्तर गोलार्धातल्या थंड भागांत पसरलेला. त्याचे काही प्रकार हिमालयात आहेत, पण तुमच्या विहिरीत मिळायचे नाहीत. भारतातल्या पाणभुंगेऱ्यांवर झेडएसआयच्या (भारतीय प्राणी सर्वेक्षण) वझिरानींनी १९६० आणि ७० च्या दशकांत बरंच काम केलंय, आवड असेल तर शोधून बघा.

बोरूबहाद्दर

धागा छान, पण थोडा विरोधी सूर लावतो. हे जे नकाशे आपण बघतो, ते किड्यांचे की किडे पकडणाऱ्यांचे? उत्तर स्वीडनच्या नकाशावर उमेओभोवती ठिपक्यांची दाटी आणि पश्चिमेकडे डोंगरात मोकळं रान. म्हणजे तिथे भुंगेरे नाहीत, की तिथे विद्यापीठ नाही?

उमेओकर

@बोरूबहाद्दर, मुद्दा शंभर टक्के बरोबर. उमेओ विद्यापीठातल्या आंदेर्स निल्सन यांनी आयुष्य या कुळाला वाहिलं. २००१ साली या कुळातल्या जगभरच्या जातींची सूची त्यांनीच काढली. असा माणूस ज्या गावात राहतो त्या गावाभोवती ठिपके दाटणारच. त्यात भर रस्त्यांची. ठिपके रस्त्याकडेने पळतात, कारण माणसं गाडी लावून जाळं टाकतात.

म्हणून नुसत्या नोंदींपेक्षा, 'या डबक्यात शोधलं, इतका वेळ शोधलं आणि नाही मिळालं' ही नोंद जास्त मोलाची. स्वीडनच्या सार्वजनिक नोंदणी पोर्टलवर ती सोय आहे, पण उत्साही लोक 'नाही मिळालं' लिहायचा आळस करतात. पक्षीवाल्यांनाही हाच रोग.

तरीही काही गोष्टी नकाशाच्या दोषातूनही वर येतात. स्पेनच्या इग्नासिओ रिबेरा आणि लंडनच्या आल्फ्रिड फोगलर यांनी २००० साली मांडलेलं एक निरीक्षण मला फार आवडतं. वाहत्या पाण्यातल्या जातींचा प्रदेश लहान असतो, साचलेल्या पाण्यातल्यांचा मोठा. कारण सरळ आहे. ओढा हजारो वर्षं जागचा हलत नाही, तिथल्या किड्याला उडून जायची गरज नाही. डबकं मात्र भरतं, आटतं, गवताने बुजतं. तिथे राहायचं तर उडता यायलाच हवं. जो उडतो तो लांब पोचतो. उत्तर युरोप हिमयुगात बर्फाखाली होता, तो मोकळा झाल्यावर तिथे कोण पोचणार? डबक्यातलेच.

आमच्या किनाऱ्यावर हा प्रकार अजून चालू आहे. बर्फाचा भार गेल्यापासून जमीन वर येतेय, उमेओजवळ वर्षाला साधारण ८ ते ९ मिलिमीटर. समुद्राची खाडी हळूहळू तुटते, तिचं तळं होतं, तळ्याची दलदल होते. आजोबांनी जिथे होडी लावली तिथे नातू बेरी गोळा करतो. नवीन डबक्यांचा पुरवठा कधी थांबत नाही.

हेलसिंकीची_सून

उमेओकर भाऊ, मासेवाल्या मुद्द्याला माझं अनुमोदन. आमच्या हेलसिंकीत शहरातल्या तळ्यांवर विद्यापीठाच्या लोकांनी काम केलंय. तिथेही तेच : काठाला गवत-लव्हाळं असेल तर भुंगेऱ्यांची चंगळ, मासे सोडले की मामला खलास. बागेतली तळी 'सुंदर' दिसावीत म्हणून लोक गोल्डफिश सोडतात आणि काठ घोटून स्वच्छ करतात. दोन्ही नेमकं उलट.

दुसरं, बीव्हर (ओढ्यावर लाकडांचं धरण बांधणारा प्राणी)! त्याचा उल्लेख कसा विसरलात? बीव्हरने ओढा अडवला की जंगलात उथळ, उन्हात तापणारं, मेलेल्या झाडांनी भरलेलं पाणी साठतं. डासांच्या अळ्यांपासून बेडकांपर्यंत सगळा मेवा. फिनलंडमधून शिकारीमुळे बीव्हर संपला होता. १९३५ मध्ये नॉर्वेहून आणून सोडला, आणि १९३७ मध्ये वर अमेरिकेतलेही आणले, तेव्हा ती वेगळी जात आहे याची कल्पना नव्हती. आता पूर्व फिनलंडात अमेरिकनच जास्त. भुंगेऱ्यांना मात्र धरण कोणी बांधलं याच्याशी देणंघेणं नाही.

अवांतर : आमच्या लाल गाडीच्या टपावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी टपटप आवाज करत हे आदळतात. नवऱ्याला वाटायचं झाडावरून काहीतरी पडतंय.

शेवाळ

लाल गाडीच का?

उमेओकर

@शेवाळ, पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश आडवा ध्रुवित असतो (म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेनेच हलतात), आणि हे किडे उडताना त्याच खुणेवर पाणी ओळखतात. चकचकीत लाल किंवा काळा रंग त्यांना पाण्यासारखा भासतो, पांढरा नाही. हंगेरीच्या होर्वात आणि क्रिश्का यांनी यावर बरेच प्रयोग केलेत. शेतात अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद तर सगळ्यात वाईट, त्यावर उतरून बिचारे वाळून मरतात.

हेलसिंकीच्या_सूनेने बीव्हरची बाजू लावून धरली ते बरं झालं. स्वीडनमध्ये १९२२ पासून नॉर्वेचेच बीव्हर आणून सोडले, इथे अमेरिकन भानगड नाही.

खडूफळा

वाचत होतो, आता राहवत नाही. हिमयुगाचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगतो. ब्रिटनचे रसेल कूप यांनी चिखलाच्या जुन्या थरांतून भुंगेऱ्यांचे अवशेष काढून हिमयुगातलं हवामान वाचायची पद्धत रूढ केली. कीटकांची पाठीची झाकणं हजारो वर्षं जशीच्या तशी राहतात, नक्षीसकट. १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं की इंग्लंडच्या हिमयुगीन थरांत सापडणारा एक शेणकिडा, अफोडियस होल्डेरेरी, आज फक्त तिबेटच्या पठारावर जिवंत आहे. इंग्लंडचा किडा तिबेटात!

कूप यांचं म्हणणं असं की हवामान बदललं तेव्हा हे किडे बदलले नाहीत, जागा बदलत राहिले. जात तीच, पत्ता वेगळा. त्यामुळे एखाद्या भुंगेऱ्याचा आजचा नकाशा म्हणजे त्याचं 'मूळ गाव' असं समजायचं कारण नाही.

उमेओकर

वा, खडूफळा सर! याला जोड म्हणून आमचा डायटिस्कस लॅप्पोनिकस बघा. तपकिरी पाठीवर बारीक पिवळ्या उभ्या रेघा, पोट पिवळं. लॅपलंडच्या थंड तळ्यांत राहणारा. हाच स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि आयर्लंडच्या वायव्य टोकाला आहे, आणि मधला प्रदेश ओलांडून थेट आल्प्समध्ये त्याची एक तुटक वस्ती आहे. थंडी मागे हटली तसे काही उत्तरेला गेले, काही डोंगर चढले.

त्याहून टोकाचा कोलिम्बिटिस डोलाब्रेटस. स्कँडिनेव्हियाचा उत्तर भाग, आइसलँड आणि थेट ग्रीनलंडच्या तळ्यांत. ग्रीनलंडमध्ये गोड्या पाण्यातले भुंगेरे बोटावर मोजण्याइतके, त्यांतला हा एक.

आणि थंडीला काहीच किंमत नाही असं माझं म्हणणं नाही. प्लिमथ विद्यापीठातल्या मंडळींनी डेरोनेक्टिस वंशाच्या जाती गरम आणि थंड पाण्यात घालून त्यांची सहनशक्ती मोजली. ज्या जाती उत्तर-दक्षिण लांबवर पसरल्यात त्या दोन्ही टोकं जास्त सोसतात. स्पेनच्या एखाद्या डोंगररांगेपुरत्या राहिलेल्या जाती मात्र उकाड्यातही कच्च्या आणि गारठ्यातही. म्हणजे पाणी तापत गेलं तर आधी फटका बसेल तो त्या दक्षिणेकडच्या, कोपऱ्यात अडकलेल्यांना.

कासपठार

नर-मादीबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून! लहानपणी पकडलेल्या एकाच्या पुढच्या पायांना गोल चकत्या होत्या, त्या बोटाला चिकटायच्या.

उमेओकर

@कासपठार, तो नर. त्या चकत्या म्हणजे निर्वात चोषक, त्याने तो मादीची पाठ धरतो. आणि बऱ्याच जातींत मादीची पाठ खोबणीदार किंवा खरबरीत असते. डार्विनला वाटलं की नराला पकड घ्यायला सोपं जावं म्हणून त्या खोबणी असाव्यात. आता समजूत नेमकी उलट आहे : चोषक गुळगुळीत जागी बसतो, खरबरीत जागी सुटतो. मादीला सुटायचंच असतं, कारण नर तासन्‌तास वर बसून राहतो, तो स्वतः हवा घेतो आणि ती मात्र पाण्याखाली गुदमरते.

उत्तर स्वीडनमधल्या ग्राफोडेरस झोनेटस या पाणभुंगेऱ्यात हे प्रत्यक्ष बघायला मिळतं. काही माद्या गुळगुळीत, काहींच्या पाठीवर बारीक पुटकुळ्या. आणि जिथे पुटकुळ्यांच्या माद्या जास्त, तिथल्या नरांच्या पायांवरच्या चकत्याही वेगळ्या घडणीच्या. योहानेस बेरिस्तेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. एकाच जातीत, दोन तळ्यांच्या अंतरावर, भांडणाची पातळी वेगळी.

हेलसिंकीची_सून

=)) घरोघरी मातीच्या चुली.

पाणलोट

यातले काही संकटात आहेत का? आणि हातात धरले तर चावतात का?

उमेओकर

चावले तर जाणवतं, पण जास्त त्रास वासाचा. मोठा डायटिस्कस दाबला गेला की मानेजवळून पांढरा, दुधासारखा द्रव सोडतो. त्यात स्टेरॉइड असतात, कशेरुकी प्राण्यांच्या संप्रेरकांसारखीच. माशाने गिळला तर तो बहुधा थुंकून टाकतो. बोटांचा वास साबणानेही लवकर जात नाही.

संकटातला म्हणजे डायटिस्कस लॅटिसिमस. ४४ मिलिमीटरपर्यंत वाढतो, पाठीच्या कडा ताटाच्या काठासारख्या बाहेर पसरलेल्या. लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेला. पश्चिम आणि मध्य युरोपातून बहुतेक नाहीसा झाला, उत्तरेला आणि बाल्टिक देशांत अजून टिकून आहे. गंमत म्हणजे हा माझ्या मासे-सिद्धांताला बधत नाही. मोठ्या तळ्यांत, मासे असतानाही राहतो. मात्र काठाला दाट पाणवनस्पती लागतात, आणि त्याची अळी मुख्यतः घरट्यावाल्या पाणपतंगांच्या (काड्यांची नळी करून राहतात ते) अळ्यांवर जगते. खतांमुळे पाणी गढूळ झालं, काठ साफ झाले, की दोन्ही जातात. लात्वियात दौगाव्पिल्सच्या लातगाले प्राणिसंग्रहालयाने त्याची पैदास यशस्वी केलीय, अळ्यांना हेच खाद्य पुरवून. त्याला आणि ग्राफोडेरस बायलिनिएटसला युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाचं कडक संरक्षण आहे. परवान्याशिवाय पकडायचे नाहीत.

बोरूबहाद्दर

जुलैत सहकुटुंब अबिस्कोला (उत्तर स्वीडनमधलं राष्ट्रीय उद्यान) येतोय. मुलांना हे दाखवायचे असतील तर काय आणू? सापळा वगैरे करता येतो का?

उमेओकर

@बोरूबहाद्दर, या या! राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जाळी-बाटली काही नको, नुसतं बघायचं आणि फोटो काढायचे. तोर्नेत्रेस्क तळ्याच्या मोठ्या पाण्यात वेळ घालवू नका, तिथे 'चार' (char) नावाचा मासा आहे. बाजूच्या दलदलीतली गुडघाभर डबकी बघा. काठाशी पालथे पडा आणि हलू नका. दर थोड्या वेळाने कोणीतरी शेपूट वर काढून हवा घ्यायला येतंच.

उद्यानाबाहेर, परवानगीची खात्री करून, सापळा लावायचाच तर दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, आत मांसाचा लहान तुकडा टाका. बाटली आडवी बांधा, पण आत हवेचा कप्पा राहील अशी. पूर्ण बुडवली तर सकाळी मेलेले भुंगेरे मिळतील. रात्री लावली तर सकाळी लगेच काढा, आणि काठ पसरट, मोठा असलेला दिसला तर तो लॅटिसिमस असू शकतो, तसाच सोडून द्या.

मुलांसाठी डोक्यावरून घ्यायच्या मच्छरदाणीच्या टोप्या आणा, जुलैत तिथले डास बोलू देत नाहीत. आणि ध्रुवित काचांचा गॉगल असेल तर तो नक्की आणा. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो.